पडवीचं माप : एका घराच्या प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२४, पुणे

घर आतून नव्याने सजवायचं काम आलंय, आज जागा पाहिली. कोथरूड, तिसरा मजला, दोन बेडरूमचं घर, इमारत वीस वर्षांची. घर ज्यांचं ते काका बँकेतून निवृत्त झालेत, काकू शाळेतून. मूळ घर राजापूर तालुक्यात, आडिवऱ्याजवळ. काकू पहिल्यांदा म्हणाल्या, "गावच्या घरात बसल्यासारखं वाटलं पाहिजे." काका लगेच म्हणाले, "पण जुनाट नको हं." दोन्ही वाक्यं वहीत जशीच्या तशी लिहून घेतली. पुढे अडेन तेव्हा तीच उपयोगी पडतील.

मापं : हॉल ११ बाय १७, छताची उंची साडेनऊ फूट. हॉलच्या पश्चिमेला ११ फूट लांब, साडेचार फूट रुंद बाल्कनी. बाल्कनीसमोर मोठा पर्जन्यवृक्ष, त्याचा माथा बरोबर तिसऱ्या मजल्याच्या डोळ्याला. एवढं झाड समोर असूनही ते कुणाला दिसत नाही. दुपारी चारला पश्चिमेचं ऊन पांढऱ्या चकचकीत टाइल्सवर पडतं, तिथून डोळ्यात घुसतं, म्हणून काका पडदे ओढतात आणि आत अंधार झाला म्हणून ट्यूब लावतात. बाहेर लख्ख उजेड आणि घरात भर दुपारी ट्यूब! वीस वर्षं हे असंच चाललंय.

कोकणातल्या घरासारखं म्हटलं की आमच्या व्यवसायात ठरलेली यादी निघते. पितळी घंगाळ, समई, जुन्या बाजारातलं दार, भिंतीवर जांभ्याच्या चकत्या. मीही एका कामात हे सगळं केलं होतं. फोटो उत्तम आले, पण बसल्यावर ती जागा दुकानासारखी वाटायची. काका-काकूंना म्हटलं, आधी तुमचं गावचं घर बघते, मगच कागदावर रेघ ओढते. काकू म्हणाल्या, "पावसात जाताय? मग अगदी खरं घर दिसेल."

१७ ऑगस्ट, आडिवरे

पहाटे पुण्याहून निघून कोल्हापूरच्या बाजूने मलकापूर, मग अणुस्कुरा घाट. घाटमाथ्यावर धुकं इतकं दाट की गाडीच्या दिव्यापुढे दहा फूट रस्ता. उतरायला लागलो तसं धुकं वर राहिलं आणि खाली हिरवा रंग उघडत गेला. हिरवा म्हणजे एक रंग नव्हेच. भाताची खाचरं पिवळसर, आंब्याची जुनी पानं काळपट, शेवाळं अगदी पोपटी, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा रस्त्याकडेचा जांभ्याचा लाल. गाडी थांबवून रंगांचं शेडकार्ड काढलं आणि शेवाळ्याशेजारी धरून पाहिलं. एकही पट्टी जुळली नाही. ओल्या रंगाला आत एक उजेड असतो, तो छापील कागदावर येत नाही.

घरी पोचेतो दुपारचे तीन. काकूंच्या चुलत वहिनी घर सांभाळतात. टेप, वही, फोनमधलं उजेड मोजायचं अॅप, सगळं बाहेर काढायला लागले तर वहिनी म्हणाल्या, "ताई, आधी चहा घ्या. दोन तास पडवीत बसा. मग मोजा काय मोजायचं ते."

बसले. आजची नोंद एवढीच. दोन तास पाऊस पडत होता, मी पागोळ्यांकडे बघत होते, आणि एकदाही आत जावंसं किंवा दिवा लावावासं वाटलं नाही.

१८ ऑगस्ट, आडिवरे

कालच्या दोन तासांचं कारण शोधायचं म्हणून आज सकाळी सातपासून मापं घेतली.

घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर मंगलोरी कौलं. समोर खळं, म्हणजे अंगण. खळ्यातून दोन पायऱ्या चढून पडवी, एक पायरी चढून ओटी, आणखी एक उंबरठा ओलांडून माजघर. म्हणजे आत जाताना माणूस हळूहळू चढतो. छप्पर मात्र उलट वागतं. माजघरावर आढ्यापाशी ते सोळा फुटांवर आहे आणि तिथून उतरत उतरत पडवीच्या कडेला येतं तेव्हा कौलांच्या टोकाची उंची फक्त ५ फूट ४ इंच. टेप तीनदा लावून पाहिली. मी वाकल्याशिवाय पडवीत शिरू शकत नाही आणि काल हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं, कारण घरच तुम्हाला वाकवून घेतं.

उत्तर या ५ फूट ४ इंचांत आहे. पडवीतल्या बाकाची बैठक १४ इंचांवर. तिथे बसल्यावर माझा डोळा जमिनीपासून साडेतीन फुटांवर येतो. डोळ्यापासून कौलाच्या कडेपर्यंत रेघ ओढली तर आकाश जवळजवळ सगळं कापलं जातं. दिसतं ते खळं, तुळस, पलीकडची बाग, माडांचे बुंधे. आकाशाचा पांढरा झगझगीत भाग दृष्टीतून गेला की हिरवा रंग खोल होतो. पावसाळी आभाळसुद्धा डोळ्याला किती टोचत असतं, ते झाकल्यावर समजतं.

मग उजेड मोजला. ढगाळ सकाळी दहा वाजता, अॅपवर : खळ्यात १४,००० लक्स. पडवीच्या बाकावर ९००. ओटीवर १६०. माजघरात मध्यभागी २५. फोनचं अॅप फार काटेकोर नसतं, आकडे दहा-वीस टक्के इकडेतिकडे धरावेत. पण उतार बघा. दर टप्प्याला उजेड पाच-सहा पटींनी, कुठे पंधरा पटींनी कमी होतो, आणि प्रत्येक टप्प्यावर डोळ्याला थांबायला जागा आहे. खळ्यातून थेट माजघरात गेलात तर आंधळे व्हाल. पडवी आणि ओटी या डोळ्याच्या पायऱ्या आहेत. कोथरूडच्या घरात एका काचेच्या दाराच्या अलीकडे सगळा उजेड, पलीकडे खोली. मधे काहीच नाही. म्हणून पडदा ओढावा लागतो.

माजघरात छपराला एक काचेचं कौल आहे. अकराच्या सुमारास ढग फाटले आणि त्यातून वहीच्या पानाएवढा उन्हाचा चौकोन सारवलेल्या जमिनीवर पडला. कडा धूसर, आत धूर आणि धूळ तरंगत असलेली. मी गुडघ्यावर बसून खडूने त्याची कड आखली. दहा मिनिटांत तो चौकोन खडूच्या रेघेबाहेर चार बोटं सरकला. वहिनी चुलीपासून म्हणाल्या की त्यांच्या सासूबाई घड्याळ बघतच नसत, ऊन घडवंचीच्या पायाशी आलं की पानं मांडायच्या. मग ढग आले आणि चौकोन पुसला गेला. खडूची रेघ तेवढी राहिली. ती मी पुसली नाही, उद्या सारवण होईलच.

मागच्या खोपीत फणसाचे ओंडके पडलेत. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात परसातला जुना फणस आडवा झाला, तेव्हापासून तिथेच. काकूंच्या लहानपणीच्या गोष्टी त्या झाडाच्या आहेत. वाटतं, हे लाकूड पुण्याला न्यावं.

१९ ऑगस्ट, कशेळीचा सडा

परतायच्या आधी एक सकाळ स्वतःसाठी ठेवली होती. कशेळीच्या सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळपठारावरचं, कातळशिल्प पाहायचं होतं. एक भलाथोरला हत्ती जांभ्याच्या सपाट कातळात कोरलेला, आणि त्याच्या देहाच्या रेषेच्या आत इतर प्राणी, मासे, पक्षी दाटीवाटीने. कोकणातल्या अशा कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला, तेव्हापासून माणसं येऊ लागली आहेत.

पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते, ऊन तिरकं होतं. रेषा दोन-चार सेंटिमीटर खोल असतील. तिरक्या उन्हात प्रत्येक रेषेची एक कड उजळ, दुसरी काळी, आणि हत्ती कातळातून उठून आलेला. दहाच्या पुढे ऊन डोक्यावर यायला लागलं तसा हत्ती विरत गेला. कातळ तोच, रेषा त्याच, मी त्याच जागी. कोरणाऱ्याला हे ठाऊक असणारच.

भोवती सड्यावर फुलांचा हंगाम चालू होता. बोटाच्या पेराएवढी सीतेची आसवं, गेंद, कवला. मातीचा थर बोटभरही नाही, खाली दगड, आणि त्या पातळ ओलीवर दीड-दोन महिन्यांत सगळा संसार उरकायचा. मी पालथी पडून बराच वेळ पाहत राहिले. कपडे भिजले. गेंदाचा पांढरा हा शुद्ध पांढरा नाही, त्यात राखेचा कण आहे. हॉलच्या भिंतीला हा पांढरा हवा.

वहीत लिहिलं : पोत असलेली भिंत टीव्हीच्या मागे नको. तिथे उजेड समोरून येतो, पोत मरतो. बाल्कनीच्या दाराला काटकोनात असलेली लांब भिंत घ्यावी. दुपारनंतरचं ऊन तिच्यावरून घसरत जाईल.

२६ ऑगस्ट, पुणे

काकांच्या मुलाने परदेशातून फोटोंचा गठ्ठा पाठवलाय, साठ-सत्तर तरी असतील. बालीतली रिसॉर्ट, श्रीलंकेतल्या हवेल्या, केरळची हॉटेलं. फोटो सुंदर आहेत आणि त्याचा जीव त्यात आहे, आई-वडिलांना काहीतरी छान द्यायचंय त्याला. त्याचा मुख्य आग्रह टीव्हीमागे जांभ्याचं क्लॅडिंग करण्याचा.

तासभर फोनवर बोललो. मी त्याला माझी अडचण मोकळेपणाने सांगितली. जांभा हा ओझं पेलणारा दगड आहे. खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर राहिला की कठीण होतो, म्हणून तर त्याचे चिरे पाडता येतात. १८०७ साली फ्रान्सिस बुकनन या स्कॉटिश निरीक्षकाने मलबारातल्या या दगडाला लॅटेराइट हे इंग्रजी नाव दिलं, तेही विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून, कारण लोक त्याला विटेसारखे कापून घरं बांधताना त्याने पाहिले. गावच्या घरात तो दीड फूट जाडीच्या भिंतीत उभा आहे. त्याची पाऊण इंची चकती काढून प्लायवर चिकटवली की ती कातडी झाली. शिवाय सच्छिद्र दगड, घरात त्याची लाल भुकटी झडत राहणार आणि वर चकाकणारं सीलर मारावं लागणार, म्हणजे ज्यासाठी आणला तो रुक्षपणाच जाणार.

तो म्हणाला, "मग गावचं काय येणार घरात?" मी म्हटलं, पडवीची उंची. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, ड्रॉइंग पाठवा, बघतो."

रास्त प्रश्न आहे त्याचा. उंची फोटोत दिसत नाही.

२० सप्टेंबर

गौरी-गणपतीला काका-काकू गावी जाऊन आले. माझा आराखडा सोबत नेला होता. काकांनी पडवीत टेप लावून ५ फूट ४ इंच खरं आहे का ते स्वतः मोजलं म्हणे! आले ते आराखडा मंजूर करूनच.

ठरलं ते असं. बाल्कनी बंद करायची नाही. बाहेरून काही बदलायचं नाही, सोसायटीचा नियमही तोच. बाल्कनीच्या छतापासून आतल्या बाजूने बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा पडदा, सोडायची, तिची खालची कड जमिनीपासून ५ फूट ४ इंचांवर कायमची. त्याखाली उघडं. १४ इंच उंचीची लांब बैठक. बसलं की आकाश कापलं जाईल आणि झाड उरेल. बाल्कनीची जमीन लाल कोब्याची.

बाल्कनी आणि हॉलच्या मधे तीन फुटांचा पट्टा ओटी म्हणून. तिथलं छत साडेसात फुटांवर उतरवायचं, पुढे हॉल पूर्ण साडेनऊ. पायऱ्या मात्र करायच्या नाहीत. गावच्या घरातल्या पायऱ्या मला फार आवडल्या, पण काकूंचे दोन्ही गुडघे दुखतात. सत्तरीच्या माणसाच्या घरात हौसेने एक इंचाचीही उठवण करणं मला मान्य नाही. म्हणून उंबरठ्याच्या जागी जमिनीशी अगदी सपाट, सहा इंच रुंद फणसाची पट्टी. पाय अडणार नाही, तळव्याला मात्र लाकूड लागेल.

झोपाळ्यावरून काकांशी वाद झाला. मी नको म्हणत होते, जागा खाईल. ते ऐकेनात.

१४ ऑक्टोबर

दसरा झाला, फोडकाम सुरू. जुन्या टाइल्स काढल्याच, त्यांच्यावर दुसरा थर चढवला असता तर स्लॅबवर फुकटचं वजन. ९४ गोणी राडारोडा खाली उतरला. शेजारच्या घरांना आधी भेटून आले होते, तरी धूळ ती धूळ. त्यांच्या दाराबाहेर रोज संध्याकाळी पोछा मारायला एक माणूस ठेवलाय.

९ नोव्हेंबर

हॉलची जमीन : शहाबादी, मशीनने कापलेली, पण पॉलिश न केलेली. आलेला माल चकचकीत पॉलिश केलेला निघाला. परत पाठवला, आठ दिवस गेले. काका म्हणाले, "चालवून घेऊ या की." नाही. पांढऱ्या टाइल्स काढल्या त्या चमकेसाठीच.

जमिनीच्या बाबतीत माझ्या डोक्यात दुसऱ्याच प्रवासाची एक आठवण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पद्मनाभपुरमचा राजवाडा पाहिला होता. तमिळनाडूत कन्याकुमारी जिल्ह्यात आहे, पण सांभाळतं केरळ सरकार. तिथल्या खोल्या अंधाऱ्या आणि जमीन काळी, आरशासारखी. करवंट्यांचा कोळसा, चुना, अंड्याचा पांढरा असं मिश्रण घोटून केलेली. तेव्हा मला कोडं पडलं होतं की चमकती जमीन तिथे शांत वाटते आणि आमच्या फ्लॅटमध्ये तीच डोळ्याला का खुपते. आता अर्थ लागतो. तिथे खिडक्या जाळीच्या, उजेड आधीच गाळून आलेला, आणि जमीन काळी असल्यामुळे ती फक्त त्या उजेडाची एक रेघ परत देते. आमच्याकडे उघडं ऊन आणि पांढरी जमीन, ती सगळंच परत फेकते. चमक वाईट नाही, चमकेवर काय पडतं ते बघायला हवं होतं. त्या वेळी मी फक्त जमिनीचा फोटो काढून आले, खिडकीचा काढलाच नाही. म्हणून हल्ली जिथे जाते तिथे आवडलेल्या वस्तूचा फोटो काढला की पाठ फिरवून उजेड कुठून येतोय त्याचाही काढते.

दिवे : आधी काढलेल्या आराखड्यात हॉलमध्ये १४ डाउनलाइट होते. आता छतात पाच, बाकी टेबललॅम्प आणि एक उभा दिवा. सगळे २७०० केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडाचे. इलेक्ट्रिशियन काळजीत पडला, "मॅडम, अंधार होईल, नाव माझं खराब होईल." त्याला म्हटलं, पॉइंट सगळे काढून ठेव, दिवे पाचच लाव. महिनाभर राहून बघू.

काचेच्या कौलाचा चौकोन बारीक स्पॉटलाइटने जमिनीवर पाडता येईल का, ते करून पाहिलं. पडला, छान पडला. पण सरकेना. तासाभराने तोच चौकोन त्याच जागी पाहून जीव घाबरल्यासारखा झाला. दिवा काढून टाकला.

८ डिसेंबर, सावंतवाडी

दुसऱ्या एका कामासाठी आले होते, वाट वाकडी करून राजवाड्यात गंजिफा रंगवताना पाहिल्या. दशावतारी गंजिफांचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा गट, गटात बारा. प्रत्येक गटाची जमीन वेगळ्या रंगाची, म्हणजे हातात आलेला पत्ता आधी रंगावरून कळतो, चित्रावरून नंतर. तिथे तासभर होते. घरातल्या दारांच्या आतल्या कडांना असे रंग द्यावेत असं डोक्यात आलं : दार बंद असताना काहीच दिसत नाही, उघडलं की दीड इंचाची लाल किंवा पिवळी रेघ. काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "देवघराच्या दाराला पिवळी." झालं.

१२ जानेवारी २०२५

चुन्याचा गिलावा. यासाठी गवंडी मिळायलाच दीड महिना गेला. हे गवंडीकाका साठीच्या पुढचे, जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं केलेले. चुना त्यांनी तीन आठवडे मुरवत ठेवला होता. पहिला हात मारून झाल्यावर मी भिंतीला डोळा लावून तिरकी बघत होते, तर म्हणाले, "बाई, चारला या. आता काय दिसणार." कातळावर जे कळायला मी राजापूर गाठलं, ते यांच्या हातात चाळीस वर्षं आहे.

चारला परत आले. पर्जन्यवृक्षातून गाळून आलेलं ऊन भिंतीवरून आडवं चाललं होतं आणि गुरमाळ्याचा प्रत्येक फेर दिसत होता, कोंबडीच्या पिसासारखा, एकावर एक. एके ठिकाणी हात थांबल्याची खूण होती, तळहाताएवढी. ते पुसायला निघाले, मी थांबवलं. रंग लावणार नाही, चुन्याचाच पांढरा. त्यात चिमूटभर राख मिसळून गेंदाच्या जवळ नेलाय.

१८ फेब्रुवारी

फणस आला. परवान्याचे कागद पुरे करून, ऑक्टोबरात गावीच फळ्या पाडून घेतल्या होत्या. ओली फळी हळदीसारखी पिवळी असते, मग वर्षानुवर्षं पिकत तपकिरी होते. या घरात ती काका-काकूंबरोबर पिकेल असं मनात होतं. सुतारमिस्त्रींनी उंबरठ्याची पट्टी, देवघराचं दार आणि झोपाळ्याची फळी केली. झोपाळ्याचे हूक स्लॅबला नाहीत, तुळईत घेतलेत, इंजिनियरला दाखवून.

२१ मार्च

झोपाळ्याची फळी तडकली. एका टोकापासून सव्वा फूट, मधोमध. बोटाचं नख आत जातं.

दोष माझा आहे. लाकूड आल्या दिवशी मिस्त्री म्हणाले होते, "ताई, ओल आहे अजून, एक उन्हाळा जाऊ द्या." ओलावा मोजायचं यंत्र १९ टक्के दाखवत होतं. पुण्याच्या कोरड्या हवेत लाकूड १० ते १२ टक्क्यांवर यायला हवं, त्यानंतरच त्याला हात लावावा. मला हे माहीत आहे, मी दुसऱ्यांना सांगते. पण अक्षय्य तृतीयेची तारीख दिलेली होती आणि मी मान हलवली. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशातलं, तीन वर्षं खोपीत पडलेलं लाकूड सातशे मिलिमीटरच्या गावात आणलं, तेही उन्हाळ्याच्या तोंडावर. ते आक्रसणारच. उजेड, उंची सगळं मोजलं आणि हवेचं माप सोडून दिलं.

काकूंना फोन केला तेव्हा शब्द जड झाले. त्यांच्या लहानपणीचं झाड होतं ते. त्या शांतपणे म्हणाल्या, "झाड पडलं तेव्हा रडून झालंय माझं. आता फळीसाठी नाही रडत. जोडता येईल का सांगा."

जोडता येतं. मिस्त्रींनी फळी काढून सावलीत, पंख्याखाली ठेवलीय. पुढे सरकू नये म्हणून भेगेवर आडवे तीन डमरूच्या आकाराचे तुकडे बसवायचे, सागाचे. पिवळ्या फळीत ते उठून दिसतील. लपवणार नाही. उंबरठ्याची पट्टी आणि देवघराचं दार मात्र उन्हाळाभर काढून ठेवतोय, ओलावा १२ वर आला की परत बसवू. तोवर उंबरठ्याच्या खाचेत साध्या प्लायची पट्टी.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

काका-काकू राहायला आले. देवघराला दार नाही, उंबरठा प्लायचा, आणि तरी काकूंनी पूजा मांडली. झोपाळा लागला, तीन डमरूंसकट.

झोपाळ्याबद्दल काकांचं बरोबर होतं, हे लिहून ठेवते. दुपारी तिथे बसले तेव्हा लक्षात आलं, झोपाळ्यावर माणूस एकदा ओटीच्या सावलीत जातो, एकदा हॉलच्या उजेडात येतो. जो उतार मी छत आणि चिकेने बांधत होते तो काका पायाच्या एका रेट्याने अनुभवतात. मी जागेचा हिशेब केला होता, झोक्याचा केलाच नव्हता.

चार वाजता लक्स मोजले. बाल्कनीच्या कठड्यावर ११,०००. बैठकीवर १,३००. ओटीच्या पट्ट्यात २४०. हॉलच्या मध्यभागी ७०. पडदे उघडे, एकही दिवा नाही.

साडेसहाला एक गंमत पाहिली. संध्याकाळी पर्जन्यवृक्ष पानं मिटतो. पानं मिटली की फांद्यांमधून आकाश उघडतं, त्यामुळे सूर्य खाली गेला तरी हॉल काही मिनिटं उलट उजळल्यासारखा वाटतो. काका म्हणाले, वीस वर्षांत कधी पाहिलं नाही. पडदा ओढलेला होता ना.

मुलाला काकूंनी व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. तो म्हणाला, "काहीच दिसत नाहीये गं, सगळं साधंच आहे." मग काकूंनी फोन बैठकीवर ठेवला, झाडाकडे तोंड करून, आणि आत चहा करायला गेल्या. दहा मिनिटं त्याने फोन ठेवला नाही.

२७ मे

पाऊस यंदा मेमध्येच आला. सकाळी काकूंचा फोन : "येऊन बघा." गेले.

चिकेच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं, सलग नाही, बांबूच्या प्रत्येक पेरापाशी एक थेंब. पागोळीसारखं ते नव्हे, मी तसा आव आणणार नाही, पण थेंब डोळ्याच्या पातळीवर येऊन सुटताना दिसतो. कोब्यावर कठड्यापासून दीड फुटापर्यंत ओल आली होती आणि तिथे लाल रंग अगदी चिऱ्यासारखा गडद झाला होता. कड वेडीवाकडी. बैठक कोरडी. काका पेपर मांडीवर ठेवून बसले होते, वाचत नव्हते.

तासभर मीही बसले. दिवा लावावासा वाटला नाही.

राहिलेली कामं : वाऱ्यात चिकेची खालची काठी आपटते, तिच्या दोन्ही टोकांना पितळी वजनं लावायची. कोब्याचा उतार मोरीच्या बाजूला पाव इंच कमी पडलाय, कोपऱ्यात पाणी साचतं, गवंडीकाकांना दाखवायचं. देवघराच्या दाराचा ओलावा आज १४ टक्के, पावसाळ्यात आता उतरणार नाही, दिवाळीनंतर पुन्हा मोजायचा. इलेक्ट्रिशियनला सांगायचं, उरलेल्या नऊ पॉइंटना झाकणं लाव.